अंथरूण पाहून पाय पसरावे : कामाच्या तासांची स्प्रेडशीट

आमच्या शाळेत 'नाही' हा शब्द फारसा ऐकू येत नाही. उस्तादांनी विचारले, 'करशील?' की उत्तर ठरलेले असते, 'येस उस्ताद!' त्यामुळे या वर्षी स्थापना दिनाच्या प्रदर्शनात आमच्या हाऊसच्या दालनाची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा मीही लगेच 'येस सर' म्हणालो. काम किती तासांचे आहे हे मी नंतर मोजले, आणि तेही चुकीचे मोजले. त्या चुकीची किंमत माझ्याऐवजी सहावीतल्या एका छोट्या कॅडेटने मोजली. ती चूक कोणती होती आणि स्प्रेडशीटच्या एका सूत्राने ती कशी दिसली, हे या मराठी पानावर लिहीत आहे. पुढच्या वर्षी ज्याच्याकडे हे काम येईल त्याला उपयोग होईल.

सुरुवातीलाच एक सांगतो. संगणकावर ही सूत्रे इंग्रजी अक्षरांतच टाइप करावी लागतात. इथे ती मी देवनागरीत लिहिली आहेत. वाचताना उच्चारावरून मूळ शब्द सहज ओळखता येईल.

काम आणि माझा पहिला हिशेब

आमच्या दालनाचा मुख्य भाग होता बेली पुलाचे मॉडेल. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या ब्रिटिश अभियंत्याने हा पूल तयार केला. त्याचे पॅनेल १० फूट लांब आणि ५ फूट उंच असते, आणि सहा सैनिक मिळून ते उचलू शकतात. ही सहा माणसांची गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी ती पुन्हा येणार आहे.

मॉडेलशिवाय आणखी चार कामे होती. प्रदर्शन २९ सप्टेंबरला होते. या वर्षी सप्टेंबर महिना सोमवारीच सुरू झाला, म्हणजे हातात बरोबर चार आठवडे होते. मी केलेली यादी अशी :

पोस्टर : १ ते १३ सप्टेंबर, ४८ तास
पुलाचे मॉडेल : १० ते २३ सप्टेंबर, ७२ तास
मागचा पडदा रंगवणे : १५ ते २७ सप्टेंबर, ६० तास
वायरिंग आणि दिवे : १५ ते २० सप्टेंबर, १८ तास
माहिती सांगण्याचा सराव : २२ ते २७ सप्टेंबर, १८ तास

इथे 'तास' म्हणजे मनुष्य-तास. एका मुलाने एक तास काम केले की एक मनुष्य-तास झाला. दहा मुलांनी एक तास केले की दहा.

एकूण बेरीज २१६ तास. आम्ही दहा जण होतो आणि संध्याकाळी रोज एक तास मिळणार होता. मी २८ दिवस गुणिले १० असे केले. उत्तर आले २८०. म्हणजे ६४ तास शिल्लक! मी खुशीत कागद घडी घालून खिशात ठेवला आणि हाऊस मास्टर सरांना सांगितले, 'सर, आरामात होईल.'

तो रविवार

पहिल्या आठवड्यात खरोखरच आराम होता. पोस्टर हळूहळू होत होती आणि निम्मी मुले गप्पा मारत उभी असायची. तिसऱ्या आठवड्यात मात्र पूल, पडदा आणि वायरिंग ही तिन्ही कामे एकदम अंगावर आली. शनिवारी, २० तारखेला, साधारण २४ तासांचे काम मागे पडले होते. मी दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, सकाळी १० ते १२ सगळ्यांना फॉल-इन केले. दहा जणांचे दोन तास, म्हणजे २० तास भरून निघाले. मला वाटले, छान मार्ग काढला.

रविवारी १० ते १२ ही आमची घरी फोन करण्याची वेळ असते. मोठ्या मुलांनी फोन संध्याकाळी करून घेतला. पण आमच्यात सहावीतला एक छोटा होता, सातारा जिल्ह्यातला. चारचौघांत तो मला 'सर' म्हणतो, पण एकटे असलो की 'दादा'. त्याचे वडील फौजेत आहेत आणि त्यांच्या पोस्टवर नेटवर्क नाही. ते रविवारी सकाळी खाली येतात तेव्हाच त्यांच्याशी बोलता येते. संध्याकाळी त्याने फोन लावला तेव्हा तो लागला नाही.

हे मला रात्री लाइट्स आउटच्या आधी पलंगांची फेरी मारताना कळले. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी विचारले, 'मला सांगितलं का नाहीस?'

तो म्हणाला, 'दादा, तुम्ही ऑर्डर दिली होती ना.'

यावर मला काहीच बोलता आले नाही.

बेरीज खरी, पण अपुरी

सोमवारी मी कॉम्प्युटर लॅबमध्ये जाऊन सरांना माझा कागद दाखवला. हिशेबात ६४ तास शिल्लक असताना काम मागे कसे पडले, हे मला समजत नव्हते. सरांनी कागद पाहिला आणि एवढेच म्हणाले, 'किती तास लागतील हे तू लिहिलं आहेस. ते कधी लागतील हे कुठे आहे?'

माझ्या हिशेबात दोन चुका होत्या. पहिली, मी २८ दिवस धरले होते. त्यात चार रविवार होते आणि ते माझे नव्हतेच. कामाचे दिवस फक्त २४, म्हणजे उपलब्ध तास २४०. दुसरी चूक मोठी होती. मी पूर्ण महिन्याची बेरीज पूर्ण महिन्याच्या बेरजेशी जोडून पाहिली होती. पण पहिल्या आठवड्यात उभ्या राहिलेल्या मुलाचा तास तिसऱ्या आठवड्यात वापरता येत नाही. तास ही काही साठवून ठेवता येणारी वस्तू नाही. म्हणून प्रत्येक कामाचे तास आठवड्यांमध्ये वाटून पाहावे लागतात.

हे वाटप कागदावर करता येते, पण एक तारीख बदलली की सगळे खोडून पुन्हा लिहावे लागते. स्प्रेडशीट याच त्रासातून जन्मली. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी बनवलेला व्हिसीकॅल्क हा कार्यक्रम ॲपल टू संगणकावर आला. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलतात, हीच त्यातली मोठी सोय. आजच्या एक्सेल किंवा कॅल्कमध्येही तेच तत्त्व आहे.

तक्ता असा मांडा

स्तंभ ए मध्ये कामाचे नाव, बी मध्ये सुरुवातीची तारीख, सी मध्ये शेवटची तारीख, डी मध्ये एकूण तास. जी पासून जे पर्यंत चार आठवडे. पहिल्या ओळीत त्या आठवड्याचा सोमवार आणि दुसऱ्या ओळीत त्याचा रविवार लिहा. ओळ ३ ते ७ मध्ये आपली पाच कामे.

तारीख लिहिताना ती खरी तारीख म्हणून टाका, नुसता मजकूर म्हणून नको. स्प्रेडशीट तारीख ही दिवसांचा क्रमांक म्हणून साठवते. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १ आहे. म्हणूनच दोन तारखांची तुलना करता येते आणि त्यांच्यामधले दिवस मोजता येतात.

आता स्तंभ ई मध्ये कामाचे दिवस मोजू :

=नेटवर्कडेज.इंटल(बी३, सी३, ११)

शेवटचा ११ हा आकडा महत्त्वाचा. त्याचा अर्थ 'आठवड्याची सुट्टी फक्त रविवारी'. साधे नेटवर्कडेज वापरले तर शनिवारही सुट्टी धरला जातो, आणि आमच्याकडे शनिवारी काम असते. मधे आणखी सुट्ट्या असतील तर त्यांच्या तारखा बाजूला लिहून चौथ्या जागी त्यांचा पत्ता द्यावा.

स्तंभ एफ मध्ये रोजचे तास :

=डी३/ई३

पुलासाठी कामाचे दिवस १२ आले आणि ७२ भागिले १२ म्हणजे रोज ६ तास.

मुख्य सूत्र

आता खरा प्रश्न. पुलाचे काम १० ते २३ तारखेपर्यंत आहे. दुसरा आठवडा ८ ते १४ चा. या दोघांचे किती दिवस एकमेकांवर येतात?

रेल्वेच्या दोन डब्यांऐवजी दोन पट्ट्या डोळ्यांसमोर आणा. एक पट्टी कामाची आणि एक आठवड्याची. दोन्ही एकमेकींवर ठेवल्या तर झाकलेला भाग कुठे सुरू होतो? ज्या पट्टीची सुरुवात उशिरा होते तिथे. आणि कुठे संपतो? ज्या पट्टीचा शेवट आधी होतो तिथे. म्हणजे दोन सुरुवातींपैकी मोठी तारीख आणि दोन शेवटांपैकी लहान तारीख घ्यायची. मोठी निवडायला मॅक्स, लहान निवडायला मिन.

दुसऱ्या आठवड्यासाठी : १० आणि ८ यांत मोठी १०. २३ आणि १४ यांत लहान १४. १० ते १४ मध्ये रविवार वगळून ४ दिवस. ४ गुणिले ६ म्हणजे २४ तास.

तिसऱ्या आठवड्यासाठी : १५ ते २१, त्यात ६ दिवस, ३६ तास. चौथ्यासाठी : २२ ते २३, म्हणजे २ दिवस, १२ तास. २४ अधिक ३६ अधिक १२ बरोबर ७२. हिशेब जुळला.

हेच सूत्रात :

=$एफ३*मॅक्स(०, नेटवर्कडेज.इंटल(मॅक्स($बी३, जी$१), मिन($सी३, जी$२), ११))

बाहेरचे मॅक्स आणि शून्य कशासाठी? पोस्टरचे काम १३ तारखेला संपते. तिसरा आठवडा १५ ला सुरू होतो. सूत्राप्रमाणे 'सुरुवात' १५ आणि 'शेवट' १३ येतो, म्हणजे उलटे. अशा वेळी उत्तर उणे येते. उणे तास काम कोणी करत नाही, म्हणून शून्यापेक्षा लहान उत्तर आले तर शून्य धरा, असे आपण सांगतो. हे विसरलात तर बेरजेतून तास गुपचूप वजा होतील आणि तक्ता खोटाच आनंद देईल.

डॉलरची चिन्हे सूत्र कॉपी करताना लागतात. $बी म्हणजे उजवीकडे ओढले तरी स्तंभ बी सोडू नको. जी$१ म्हणजे खाली ओढले तरी पहिली ओळ सोडू नको. एक सूत्र नीट लिहिले की सगळ्या वीस चौकटी ओढून भरता येतात.

ओळ ८ मध्ये आठवड्याची बेरीज, =सम(जी३:जी७). ओळ ९ मध्ये उपलब्ध तास, =१०*नेटवर्कडेज.इंटल(जी१, जी२, ११). यातला १० म्हणजे मुलांची संख्या. ओळ १० मध्ये फरक, =जी९-जी८. फरक शून्यापेक्षा कमी असेल तर चौकट लाल व्हावी, अशी सूचना कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये द्या. शेवटी प्रत्येक कामाची आडवी बेरीज डी मधल्या तासांशी जुळते का ते पाहा. जुळली नाही तर बहुतेक वेळा एखादी तारीख तक्त्याच्या बाहेर गेलेली असते.

लाल चौकट

मी हे सगळे भरले आणि ओळ ८ वाचली. पहिला आठवडा २४ तास, दुसरा ४८, तिसरा ८४, चौथा ६०. उपलब्ध तास प्रत्येक आठवड्यात ६०.

तिसऱ्या आठवड्याची चौकट लाल होती. उणे २४. शनिवारी मागे पडलेले काम तेवढेच होते. म्हणजे मुलांनी आळस केला नव्हता. ते काम १ सप्टेंबरलाच मागे पडलेले होते, फक्त मी ते पाहिले नव्हते.

मग मी पुलाच्या तारखा बदलून पाहिल्या. १० ऐवजी १ तारखेला सुरुवात, शेवट १३ ला. चारही आठवडे बदलले : ६०, ६०, ४८, ४८. एकही चौकट लाल नाही. आम्ही 'आधी सोपी पोस्टर, मग अवघड पूल' असे ठरवले होते, तेवढ्यामुळे हे घडले. पूल नऊ दिवस आधी हाती घेतला असता तर तो रविवार लागलाच नसता. हे पाहून मला जास्त वाईट वाटले.

आणखी एक गोष्ट करून पाहिली. दुसऱ्या पानावर आठवडा, कॅडेट, काम आणि तास अशा ओळी लिहिल्या आणि समइफ्स वापरून प्रत्येकाचे तास वेगळे काढले :

=समइफ्स(डी:डी, बी:बी, "कॅडेट", ए:ए, ३)

'कॅडेट' च्या जागी नाव, आणि ३ म्हणजे तिसरा आठवडा. एका मुलाला आठवड्यात ६ तास मिळतात. तिसऱ्या आठवड्याची सरासरी ८.४ होती. पण छोट्याच्या नावावर मी १४ तास टाकले होते. त्याची बोटे बारीक म्हणून पुलाचे सांधे ६ तास, अक्षर सुंदर म्हणून पडद्यावरची अक्षरे ५ तास, वायरिंगच्या चिठ्ठ्या ३ तास. तो दुपारच्या विश्रांतीतही अक्षरे रंगवताना दिसायचा. मला वाटायचे, त्याला आवड आहे. त्याच वेळी दोघे-तिघे काम नाही म्हणून उभे असायचे. महिन्याची बेरीज आठवडा लपवते आणि आठवड्याची बेरीज माणूस लपवते.

'सर, बसत नाही'

चौथा आठवडा आधीच ६० तासांनी भरलेला होता. त्यात मागचे ४ तास राहिले होते, म्हणजे ६४. सगळ्यांनी गृहीत धरले होते की २८ तारखेचा रविवारही कामात जाणार. मी तक्ता छापून हाऊस मास्टर सरांकडे गेलो. आमचे बोलणे हिंदीत झाले, इथे मराठीत देतो.

मी म्हणालो, 'सर, हे चार तास बसत नाहीत. आणि रविवार मी धरलेला नाही.'

सर म्हणाले, 'मग सातवीतली चार मुलं घे.'

मी सांगितले की नव्या मुलांना पडद्याचे काम शिकवायला आमच्यातलेच दोघे अडकतील. कॉम्प्युटरच्या तासाला फ्रेड ब्रुक्स यांच्या १९७५ च्या पुस्तकातला नियम ऐकला होता : उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसे वाढवली तर ते आणखी उशिरा होते. आमचे काम सॉफ्टवेअरचे नव्हते, पण अडचण तीच होती.

सरांनी तक्ता बराच वेळ पाहिला. मग विचारले, 'काय कमी करू या?'

पडद्याच्या कडेची नक्षी वगळायची ठरली. ६ तास वाचले. ६४ चे ५८ झाले. चौकट लाल राहिली नाही. छोट्याच्या नावावरची कामेही मी वाटून दिली आणि त्या आठवड्यात त्याचे तास ६ वर आणले.

प्रदर्शनात आमच्या हाऊसचा दुसरा क्रमांक आला. परीक्षकांनी पूल वाखाणला आणि पडदा साधा आहे असे म्हटले. ते बरोबरच होते. पण २८ तारखेला सकाळी १० वाजता छोटा फोनच्या रांगेत पहिला उभा होता. बोलणे झाल्यावर धावत येऊन म्हणाला, 'दादा, बाबांनी विचारलं, खऱ्या बेली पुलाचं पॅनेल किती जण उचलतात. मी सांगितलं, सहा.'

पुलाची गोष्ट मी तेव्हा नव्याने समजलो. पॅनेलचे वजन ठरवताना ते किती माणसे उचलणार याचा विचार आधीच झालेला आहे. मी मात्र वजन आधी ठरवले आणि माणसे नंतर मोजली.

आपल्याकडे म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावे. स्प्रेडशीट अंथरूण मोठे करत नाही, ते किती आहे तेवढे दाखवते. म्हणून पुढच्या वर्षीच्या कॅडेटला माझे सांगणे एवढेच : 'येस सर' म्हणायच्या आधी एक संध्याकाळ मागून घे. कामे, तारखा आणि तास लिही, आठवड्यांत वाट, मग मुलांत वाट. रविवार धरू नकोस. एखादी चौकट लाल आली तर ती पहिल्या दिवशीच सरांना दाखव. माझा तक्ता हाऊसच्या संगणकावर ठेवला आहे. तारखा बदलायच्या आणि वापरायचा.